बुद्धिबळाच्या पटावरील संख्या

बुद्धिबळाच्या खेळाच्या जन्माची एक जुनी कथा बहुतेक घरीं ठाऊक असते. हिंदुस्थानांतील एका राजानें हा खेळ रचणाऱ्या पंडितावर प्रसन्न होऊन त्याला हवें तें मागावयास सांगितलें. अरबी ग्रंथांतून या पंडिताचें नांव सिस्सा असें येतें. त्यानें गांव मागितलें नाहीं, कीं सोनेंनाणें मागितलें नाहीं. पटाच्या पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा ठेवावा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, आणि याप्रमाणें प्रत्येक घरांत मागच्या घराच्या दुप्पट ठेवीत जाऊन चौसष्ट घरांत मिळून जेवढे दाणे होतील तेवढे आपल्या पदरांत टाकावे, इतकेंच त्याचें मागणें होतें. राजाला ही याचना क्षुद्र वाटली. हिशेबनिसांनीं बेरीज मांडली तेव्हां मात्र साऱ्या दरबारानें तोंडांत बोट घातलें. दाण्यांची संख्या आली ती अशी:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

ही संख्या वीस अंकी आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या लीलावतींत एकं, दहं, शतं या क्रमानें संख्यास्थानांचीं अठरा नांवें दिलीं आहेत. त्यांतील शेवटचें स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यें. पंडिताची संख्या या शिडीच्याही वर जाते; ती १८४ परार्धांहून अधिक आहे. एका ग्रॅममध्यें सुमारें पंचवीस दाणे धरले तर हा गहूं सुमारें ७३,८०० कोटी टन भरतो. हल्लीं साऱ्या जगांत मिळून वर्षाला सुमारें ८० कोटी टन गहूं पिकतो. म्हणजे पृथ्वीवरील एकाही माणसानें पोळीचा घांस न घेतां आजच्या मानानें सुमारें नऊशें वर्षें सारें पीक सांठविलें, तर पंडिताचें देणें फिटेल.

हीच संख्या १८८३ सालीं फ्रान्समध्यें दुसऱ्या वेषांत प्रकट झाली. एदुआर ल्यूका या गणितज्ञानें तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्या यांचें एक कोडें काढलें. त्याला काशीच्या देवालयाची एक कल्पित कथा जोडलेली आहे. देवालयांतील पुजारी सोन्याच्या चौसष्ट चकत्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर नेत आहेत. एका वेळीं एकच चकती उचलावयाची, आणि लहान चकतीवर मोठी चकती कधींही ठेवावयाची नाहीं. काम पुरें झालें कीं जगाचा अंत होणार. या कामास कमींत कमी जितक्या हालचाली लागतात, त्या पटावरील दाण्यांइतक्याच आहेत. दर सेकंदास एक हालचाल केली तरी सुमारें ५८,४५० कोटी वर्षें लागतील. विश्वाचें वय शास्त्रज्ञ सुमारें १,३८० कोटी वर्षें मानतात. तेव्हां काशीच्या पुजाऱ्यांकडून जगाला तूर्त भय नाहीं.

अशा गोष्टी सांगून श्रोत्यांस चकित करणें सोपें आहे. परंतु मोठेपणा हा संख्येचा अगदीं वरवरचा गुण होय. कोणत्याही संख्येंत एक मिळविला कीं तिच्याहून मोठी संख्या तयार होते. या संख्येचें खरें मर्म तिच्या पोटांत आहे. ती कोणत्या लहान संख्यांच्या गुणाकारानें बनली आहे हें पाहूं लागलें, कीं युरोपांतील दोन थोर गणितज्ञांच्या संबंधीं, एकाच्या विधानानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं झालेला एक निवाडा तिच्या अवयवांत लिहून ठेवलेला सांपडतो. त्या निवाड्यांतील प्रश्न असा होता: एखादी गोष्ट लागोपाठ पांच वेळां खरी ठरली, तर ती नेहमींच खरी आहे असें म्हणतां येईल काय?

प्रथम ही संख्या कशी येते तें पाहावें. पहिल्या घरांतील एक व दुसऱ्यांतील दोन मिळून तीन दाणे होतात. तिसऱ्या घरांत चार आहेत. तिन्ही घरांचे मिळून सात होतात. चौथ्या घरांत आठ आहेत. प्रत्येक घरांत त्याच्या मागील सर्व घरांच्या बेरजेहून एकच दाणा अधिक असतो. म्हणून पटाला पासष्टावें घर असतें, तर त्या घरांतील दाण्यांतून एक वजा करून चौसष्ट घरांची बेरीज मिळाली असती. पासष्टाव्या घरांत दोनचा चौसष्टावा घात, म्हणजे चौसष्ट वेळां दोन लिहून त्यांचा गुणाकार केला असतां येणारी संख्या, इतके दाणे पडले असते. तेव्हां पंडिताची संख्या म्हणजे दोनचा चौसष्टावा घात, वजा एक.

यावरून तिचा एक मजेदार गुण निघतो. एकापासून या संख्येपर्यंत कितीही दाणे कोणीं मागितले, तरी एकही मूठ न फोडतां, कांहीं घरें पुरीं रितीं करून ते बरोबर देतां येतात, आणि तेही एकाच प्रकारें. तेरा दाणे हवे असतील तर पहिलें, तिसरें व चौथें घर रितें करावें. त्यावांचून दुसरी निवड नाहीं. हल्लींच्या संगणकांत संख्या सांठविण्याची रीत हीच आहे. चौसष्ट स्थानें, प्रत्येक स्थानीं एक किंवा शून्य, म्हणजे घर घेतलें किंवा सोडलें. चौसष्टही स्थानीं एक लिहिला म्हणजे जी संख्या होते ती पंडिताचीच.

चौसष्ट वेळां दुप्पट करण्याचा खटाटोप वांचविणारी युक्ति आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत, ठराविक अक्षरांच्या चरणांत लघु व गुरु यांचे किती प्रकार संभवतात तें मोजण्याची रीत आठव्या अध्यायांत दिली आहे. एका अक्षराचे दोन प्रकार, दोहोंचे चार, तिहींचे आठ. म्हणजे पटावरील दुप्पटच. पिंगल सांगतो कीं अक्षरांची संख्या सम असेल तर ती निम्मी करावी, आणि परत येतांना तेथें वर्ग करावा. चौसष्टांचे निम्मे बत्तीस, मग सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा पायऱ्या झाल्या. म्हणून दोनचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असे सहा वेळां वर्ग केले कीं काम झालें: ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि शेवटीं दोनचा चौसष्टावा घात. इ. स. १००० च्या सुमारास अल्बेरुणीनें प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरील आपल्या ग्रंथांत पटाचा हिशेब केला आहे, तोही सोळापासून आरंभ करून चार वेळां वर्ग करण्याच्या रीतीनेंच.

वर्गांची ही माळ लक्षांत ठेवावी, कारण संख्येचे अवयव तिच्यांतूनच निघतात. शाळेंतील बीजगणिताचा एक साधा नियम आहे. कोणत्याही संख्येच्या वर्गांतून एक वजा केला असतां जें उरतें, तें त्या संख्येहून एकानें अधिक व एकानें कमी अशा दोन संख्यांच्या गुणाकाराइतकें असतें. दहाचा वर्ग शंभर. त्यांतून एक गेला म्हणजे नव्व्याण्णव. आणि अकराला नवानें गुणिलें तरी नव्व्याण्णवच. आतां दोनचा चौसष्टावा घात हा बत्तिसाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणून पंडिताची संख्या म्हणजे ‘बत्तिसावा घात अधिक एक’ आणि ‘बत्तिसावा घात वजा एक’ या दोहोंचा गुणाकार झाला. यांपैकीं दुसऱ्यास तोच नियम पुन्हां लावावा; त्याचे ‘सोळावा घात अधिक एक’ व ‘सोळावा घात वजा एक’ असे दोन तुकडे पडतात. असें करीत खालीं आलें म्हणजे संख्या पुढीलप्रमाणें उलगडते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

वीस अंकांचा डोंगर सहा संख्यांत मोकळा झाला. संख्येच्या शेवटीं पांच आहे, म्हणून तिला पांचानें भाग जातो हें कोणाही मुलाला दिसतें. तिच्या अंकांची बेरीज सत्याऐंशीं येते, म्हणून तिनानें भाग जातो, पण नवानें जात नाहीं. परंतु सतरा, दोनशें सत्तावन आणि पुढचे अवयव नुसत्या डोळ्यांना दिसले नसते. ते बीजगणितानें दाखविले.

या सहा संख्यांपैकीं पहिल्या पांच मूळ संख्या आहेत. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें निःशेष भाग जात नाहीं तिला मूळ संख्या म्हणतात. तीन, पांच व सतरा यांविषयीं प्रश्नच नाहीं. दोनशें सत्तावनला तेरापर्यंतच्या मूळ संख्यांनीं भागून पाहिलें कीं खात्री होते. ६५,५३७ साठीं २५६ पर्यंतच्या चौपन्न मूळ संख्या तपासाव्या लागतात. काम कंटाळवाणें आहे, पण एका बैठकीचें आहे. राहिली सहावी, चार अब्जांच्या वरची. तीही मूळ असेल काय? संख्येच्या पोटांतील वाद येथेंच सुरू होतो.

पिएर द फेर्मा हा फ्रान्समधील टुलूज येथील न्यायसभेंत अधिकारी होता. गणित हा त्याचा पोटाचा धंदा नव्हता. फावल्या वेळांत तो संख्यांचा विचार करी आणि त्यांतून निघालेलीं प्रमेयें मित्रांना पत्रांतून कळवी. सतराव्या शतकांतील संख्याशास्त्रज्ञांत त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. १६४० सालच्या ऑगस्ट महिन्यांत फ्रेनिकल नांवाच्या गणितज्ञास लिहिलेल्या पत्रांत त्यानें वर सांगितलेल्या माळेचाच उल्लेख केला. दोनपासून आरंभ करून वर्गाचा वर्ग करीत जावें आणि प्रत्येक वेळीं एक मिळवावा; ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ आणि पुढील वीस अंकी संख्या. या साऱ्या मूळ संख्या असून ही माळ पुढें कितीही वाढविली तरी तींत मूळ संख्याच मिळत जातील, अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, असें त्यानें लिहिलें. पुरी सिद्धता आपल्यापाशीं नाहीं हेंही त्यानें त्याच पत्रांत प्रांजळपणें कबूल केलें. ती वीस अंकी संख्या म्हणजे दोनचा चौसष्टावा घात अधिक एक. पंडिताच्या संख्येहून ती अवघ्या दोननें मोठी आहे.

या विधानाचें महत्त्व काय, तें समजून घेतलें पाहिजे. मूळ संख्या अनंत आहेत हें युक्लिडनें दोन हजार वर्षांपूर्वींच सिद्ध केलें होतें. परंतु नेमकी मूळ संख्याच देईल असें एकही सूत्र कोणास सांपडलें नव्हतें. फेर्माचें म्हणणें खरें असतें, तर हवी तेवढी मोठी मूळ संख्या केवळ वर्ग करून हातीं आली असती. पहिल्या पांच संख्यांनीं त्याच्या बाजूनें साक्ष दिली होती. साक्षीदार पांच, आणि विधान करणारा फेर्मासारखा. फेर्मा १६६५ सालीं वारला, तरी त्याचें विधान कोणीं खोडून काढलें नाहीं.

पुढें १७२९ च्या डिसेंबरांत क्रिश्चन गोल्डबाख यानें रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमींत काम करणाऱ्या लेओनार्ड ऑयलर या तरुण गणितज्ञास पत्र लिहून, फेर्माचें हें विधान ठाऊक आहे काय, असें विचारलें. ऑयलर मूळचा स्वित्झर्लंडमधील बाझल गांवचा. प्रथम त्यानें या प्रश्नाबद्दल विशेष उत्सुकता दाखविली नाहीं. पण गोल्डबाखनें पिच्छा सोडला नाहीं, आणि हळूहळू ऑयलर संख्यांच्या नादीं लागला. १७३२ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्यानें अकादमीपुढें निबंध ठेवला. त्यांत सांगितलें होतें कीं फेर्माच्या माळेंतील सहावी संख्या मूळ नाहीं. तिला ६४१ नें निःशेष भाग जातो.

ज्यांच्या हाताशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं ६७,००,४१७ ला ६४१ नें गुणून पाहावें. सहाशेंनीं गुणिलें असतां ४,०२,०२,५०,२०० येतात. एकेचाळिसांनीं गुणिलें असतां २७,४७,१७,०९७ येतात. दोहोंची बेरीज बरोबर ४,२९,४९,६७,२९७. एवढ्या गुणाकारानें नव्वद वर्षांचा विश्वास मोडून पडला.

गुणाकाराचा कंटाळा असणाऱ्यांसाठीं हीच गोष्ट मोठे आंकडे न मांडतांही दाखवितां येते. ६४१ या संख्येचे दोन गुण आहेत. ती ६४० हून एकानें मोठी आहे, आणि ६४० म्हणजे पांच गुणिलें दोनचा सातवा घात. शिवाय ती ६२५ व १६ यांची बेरीज आहे, म्हणजे पांचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. आतां या बेरजेला दोनच्या अठ्ठाविसाव्या घातानें गुणावें. पहिला भाग ६४० चा चौथा घात होतो, आणि दुसरा भाग दोनचा बत्तिसावा घात होतो. तेव्हां या दोहोंच्या बेरजेला ६४१ नें भाग जातो. दुसरीकडे, ६४० च्या चौथ्या घातांतून एक वजा केला, तर वर सांगितलेल्या वर्गाच्या नियमानें त्याचा एक अवयव ‘६४० अधिक एक’ असतो. म्हणून त्यालाही ६४१ नें भाग जातो. पहिल्यांतून दुसरें वजा केलें कीं ६४० चा घात निघून जातो आणि उरतो तो दोनचा बत्तिसावा घात अधिक एक. ज्या दोन संख्यांना ६४१ नें भाग जातो त्यांच्या वजाबाकीलाही तो जाणारच.

परंतु इतक्या संख्या सोडून ऑयलरनें ६४१ लाच कशी हाक मारली? मूळ संख्यांच्या यादींत तिचा क्रमांक एकशें सोळावा आहे. दोन, तीन, पांच असें एकेकीनें भागीत जाणाऱ्या चिकाट माणसालाही ती कांहीं दिवसांत सांपडली असती. ऑयलरपाशीं मात्र याहून आंखूड वाट होती. ती त्यानें पुढें दुसऱ्या एका निबंधांत पुऱ्या सिद्धतेसह मांडली. आणि नवल असें कीं त्या वाटेची किल्ली फेर्माच्याच हातांत होती. दोनचे घात एकामागून एक घेऊन त्यांना एखाद्या विषम मूळ संख्येनें भागीत गेलें, तर बाक्या फेर धरतात. सतरानें भागिलें असतां बाक्या २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ अशा येतात, आणि एकावर आलें कीं तोच फेर पुन्हां सुरू होतो. हा फेर आठांचा आहे, आणि सतरांतून एक वजा केला तर उरणारे सोळा हे आठाच्या पटींत आहेत. असें नेहमींच घडतें: मूळ संख्येंतून एक वजा केला कीं उरणारी संख्या फेराच्या लांबीच्या पटींत असते. हें तत्त्व ज्या प्रमेयांतून निघतें तें फेर्मानें त्याच १६४० च्या ऑक्टोबरांत त्याच फ्रेनिकलला कळविलें होतें.

आतां एखादी मूळ संख्या दोनच्या बत्तिसाव्या घातास एक मिळवून होणाऱ्या संख्येला निःशेष भागीत असेल, तर बत्तिसाव्या घाताची बाकी भाजकाहून एकानें कमी असली पाहिजे, आणि चौसष्टाव्या घाताची बाकी एक आली पाहिजे. म्हणून बाक्यांचा फेर नेमका चौसष्टांचा असला पाहिजे. तो याहून लहान असता तर बत्तिसाव्या पायरीवरच एक आला असता. याचा अर्थ असा कीं या संख्येचा कोणताही मूळ अवयव चौसष्टाच्या पटींत एक मिळवून येणाराच असणार. अशा मूळ संख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनीं भाग जात नाहीं, पांचवीनें जातो. पांच भागाकारांत उत्तर आलें! ज्या माणसानें किल्ली घडविली त्यानें आपल्याच दाराचें कुलूप तिनें उघडून पाहिलें नाहीं, ही या कथेंतील हुरहुर लावणारी गोष्ट आहे.

भागाकारांतून निघालेली ६७,००,४१७ ही संख्या तरी मूळ आहे काय, हेंही याच वाटेनें ठरतें. तिचे अवयव असल्यास तेही चौसष्टाच्या पटींत एक मिळवूनच यावयाचे. आणि तिचें वर्गमूळ २,५८८ च्या किंचित् पुढें आहे, म्हणून तेवढ्यापर्यंतच शोध घ्यावयाचा. ६४१ पासून तेथवर अशा मूळ संख्या सातच आहेत: ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३. एकीनेंही भाग जात नाहीं. पहिले पांच व हे सात, अशा बारा भागाकारांत चार अब्जांच्या संख्येचा पुरा निकाल लागला. येथें शोध केवळ उदाहरणांवर थांबत नाहीं. जेवढें तपासलें तेवढेंच तपासणें पुरेसें कां आहे, याची सिद्धता त्याच्या पाठीशीं उभी असते.

तेव्हां पंडिताच्या संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकेकदांच येतो. यांतील प्रत्येक घ्यावा किंवा सोडावा, असें करीत गेलें तर एक व ती संख्या स्वतः धरून तिचे एकूण १२८ भाजक होतात. त्याहून एकही अधिक नाहीं. ज्या संख्येचे दाणे मोजण्यास विश्वाचें वय पुरत नाहीं, तिची सारी घडण सात संख्यांत सांगून संपते.

फेर्माच्या माळेंतील पुढची संख्या, पंडिताच्या संख्येहून दोननें मोठी असलेली, हीही मूळ नाहीं. फोर्ट्यूने लांड्री या फ्रेंच गणितज्ञानें वयाचीं ऐंशीं वर्षें उलटल्यावर, १८८० सालीं, तिचे २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ असे दोन अवयव प्रसिद्ध केले. त्यानंतर माळ जसजशी पुढें तपासली गेली तसतसें फेर्माचें भाकीत अधिकच उलटत गेलें. सहाव्या संख्येपासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत एकही मूळ नाहीं, हें आज ठरलें आहे. चौतिसावीचा निकाल अजून लागलेला नाहीं. फेर्माच्या पांच साक्षीदारांनंतर त्याच्या बाजूनें बोलणारा सहावा साक्षीदार आजपर्यंत पुढें आलेला नाहीं.

तरी त्या पांच संख्या वाया गेल्या असें मात्र नव्हे. १७९६ सालीं अठरा वर्षांच्या कार्ल फ्रीड्रिख गाउस यानें सतरा समान बाजूंची सुसम आकृति केवळ पट्टी व कंपास यांनीं काढतां येते हें दाखविलें; ग्रीकांच्या काळापासून कोणाला हें सुचलें नव्हतें. कोणती विषम बाजूंची आकृति अशी काढतां येईल, याचें उत्तर फेर्माच्या माळेंतील मूळ संख्यांत निघालें. बाजूंची संख्या म्हणजे त्यांपैकीं एक, अथवा निरनिराळ्या कांहींचा गुणाकार असली पाहिजे. आज ठाऊक असलेल्या पांचही संख्यांचा गुणाकार केला तर ४,२९,४९,६७,२९५ येतात, आणि ही पटाच्या पहिल्या बत्तीस घरांतील दाण्यांची बेरीज आहे! अर्ध्या पटावर जितके दाणे, तितक्या बाजूंची आकृति पट्टी-कंपासानें काढतां येते, निदान तत्त्वतः. विषम बाजूंच्या याहून मोठ्या अशा आकृतीचा शोध आजवर लागलेला नाहीं. फेर्माचें विधान चुकलें, परंतु त्यानें ज्या संख्यांवर बोट ठेवलें त्या संख्या खरोखरच विलक्षण निघाल्या.

सिस्साची कथा घरांत मुलांना सांगावयाची असेल तर ती राजाच्या फजितीवर थांबवूं नये. तीन, पांच, सतरा, दोनशें सत्तावन, पासष्ट हजार पांचशें सदतीस या पांच संख्या कागदावर लिहून द्याव्या, आणि सहावीविषयीं त्याचें काय मत आहे तें मुलाला विचारावें. बहुतेक मुलें फेर्मानें दिलें तेंच उत्तर देतील, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मग त्यांच्या हातीं पेन्सिल द्यावी आणि ६४१ नें भागून पाहावयास सांगावें. बाकी शून्य उरेपर्यंत मध्यें बोलूं नये.